दोन दारं आणि एक चौरंग

लग्न होऊन मी महाडला आले तेव्हा आमच्या ह्यांच्याकडे अशिलं मोजकी आणि पुस्तकं मोप होती. नवी नवी वकिली. सनद भिंतीवर, खुर्ची पॉलिश केलेली, आणि दारात कुत्रंही फिरकत नव्हतं. मग माणूस करणार काय? वाचणार. त्या पुस्तकांतलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ह्यांचं भलतंच लाडकं होतं. कुणा परदेशी विद्वानानं लिहिलेलं. गुन्हेगार हा मुळात जन्मालाच तसा येतो, आणि त्याचं कपाळ, कान, भुवया नीट पाहिल्या की तो ओळखू येतो, असं त्यात चित्रांसकट दिलं होतं.

झालं! माझ्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी नाहीशी व्हायला लागली. कुणी अशील आलं की हे आधी त्याच्या डोक्याचं माप घ्यायचे, मग कागद बघायचे. एकदा बांधाच्या भांडणासाठी एक म्हातारा आला होता. वकीलसाहेब आपल्याला टोपी शिवून देणार अशी त्याची समजूत झाली, आणि तो बिचारा मान ताठ करून, डोळे मिटून बसून राहिला. जाताना म्हणाला, "जरा सैल ठेवा, सायेब." एका दुपारी हे झोपलेले असताना मी ह्यांच्याच कानांचं माप घेऊन त्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. त्या हिशेबानं आमच्या घरात अट्टल दरोडेखोर नांदत होता. मी ते ह्यांना सांगितलं, तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद होतं.

आता आमच्या गड्याबद्दल सांगते, कारण हे सगळं त्याच्याबद्दल आहे. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतला तो शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे भाऊ मुंबईला गिरणीत होते. त्यालाही नेलं होतं, पण तो महिनाभरात परत आला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तितं आभाल दिसत नाय, वैनीबाय." आमच्याकडे विहिरीचं पाणी, म्हशीची धार, लाकडं फोडणं, बाजार हे सगळं त्याच्याकडे. अंगानं असा दणकट की दोन माणसांनी उचलायचा हंडा तो एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातानं कपाळावरचा घाम पुसायचा. स्वभाव मात्र गोगलगाईचा. म्हशीनं लाथ मारली तरी तिलाच विचारणार, "लागला काय गो तुला?"

फक्त शिमग्यात तो वेगळाच माणूस व्हायचा.

आमच्या आळीच्या होळीचा एक रिवाज होता. होळीचं लाकूड विकत आणायचं नाही आणि मागायचंही नाही, चोरायचं. पौर्णिमेच्या आधीचे आठ-दहा दिवस आळीतले तरणे पुरुष लोकांच्या अंगणातून फाटी, मोडकी खाटली, कुंपणाच्या बल्ल्या, जे मिळेल ते पळवायचे. त्यालाही कायदा होता. छपराखालच्या वस्तूला हात लावायचा नाही. वापरातली वस्तू न्यायची नाही. जे न्यायचं ते होळीतच गेलं पाहिजे, कुणाच्या चुलीत नाही. मालकानं पाहिलं तर त्यानं वाट्टेल तेवढ्या शिव्या द्याव्यात, पण लाकूड एकदा होळीच्या माळावर पोचलं की ते परत मागायचं नाही. आणि बरोबर कोण होतं हे कुणी विचारलं, तरी सांगायचं नाही. पुष्कळ घरी तर बायका मुद्दाम एखादा मोडका पाट अंगणात टाकून ठेवायच्या. ज्या घरचं काहीच चोरीला गेलं नाही, त्या घरच्या बाईला दुसऱ्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आमच्या समोरच्या किराणा दुकानदाराची बायको तर तोंडाची अशी तिखट, की तिच्या शिव्या ऐकायला मिळाव्यात म्हणून मुलं तिच्याच परसात आधी शिरायची.

आणि या कामात आमचा गडी म्हणजे आळीचं भूषण. तो लपतछपत कधी नेत नसे. ओंडका डोक्यावर तोलून धरायचा, छाती पुढे काढायची, आणि रस्त्याच्या मधोमध बोंब ठोकत चालायचं. मागे सगळी आळी. वाण्याचा मुलगा, शाळेतले एक तरुण मास्तर, आमच्या ह्यांचा कारकूनसुद्धा. शिमगा संपला की महिनाभर पाणवठ्यावर एकच विषय, यंदा त्यानं काय उचललं.

मिठाच्या सत्याग्रहाचं वारं सुटलं त्या वर्षीची गोष्ट. आळीच्या टोकाच्या घरात कचेरीतले एक मोठे कारकून घाटावरून बदलून आले होते. माणूस शिस्तीचा. त्यांनी घरासाठी सागवानी दारं करून घेतली होती, आणि तेल पाजून ती दोन्ही अंगणात उन्हाला उभी केली होती. आता नियमानं बघायला गेलं तर दारं छपराखाली नव्हती, आणि बसवलेली नव्हती म्हणजे वापरातही नव्हती. पौर्णिमेच्या दुपारी, जेवून आळी जरा कलंडली, तेव्हा ती दोन्ही दारं निघाली. मी ओटीवरूनच पाहिलं. एक दार डोक्यावर, दुसरं पाठीवर दोरीनं बांधलेलं, आणि आमचा गडी हत्तीसारखा डुलत चाललेला. मागून मास्तर ताल धरत होते. मी हसून हसून बेजार झाले.

कारकूनसाहेबांना हसू आलं नाही. "आमच्याकडेही पोरं गोवऱ्या चोरतात," ते म्हणाले, "पण गोवरी वेगळी आणि दार वेगळं." खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. नवं सागवान ते! माझं गेलं असतं तर मीही ऊर बडवला असता. पण ऊर बडवून माणूस थांबतो, हे पोलीस चौकीत गेले. तोवर दारांची राख झाली होती.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. पोलीस आळीत फिरले. ज्याच्या ज्याच्या दारात गेले, त्याचा त्याचा बाप डोक्याला रुमाल बांधून चौकीत जाऊन आला. वाण्याचा मुलगा वाण्याचा होता. मास्तर मास्तर होते. आमचा कारकून वकिलाचा कारकून होता. गड्याचा बाप वर डोंगरात शेतात राबत होता. त्याला खाली यायला दीड दिवस लागला, आणि आल्यावर कुणाशी काय बोलायचं ते त्याला कळेना. सगळ्यांनी मिळून केलेल्या होळीचा आरोपी म्हणून एक माणूस तेवढा हाती राहिला.

खटला ह्यांनी चालवला. फुकट, आणि मनापासून. रिवाज, लबाडीच्या हेतूचा अभाव, अशी मोठी तयारी केली. गड्याला बजावलं, "तू तोंड उघडू नकोस. विचारलं तर म्हण, वकीलसाहेब सांगतील." त्यानं मान हलवली. पण मॅजिस्ट्रेटनी त्याला सरळच विचारलं, "ही दारं तू उचललीस का?"

आता शिमग्यातली उचल नाकारणं म्हणजे बायकीपणा, असं लहानपणापासून त्याच्या रक्तात भिनलेलं. त्यानं छाती पुढे काढली. "व्हय सायेब. दोनी. येकट्यानं."

"बरोबर कोण होते?"

"कोन नाय. बाकीच्यांना ती हालतबी नव्हती."

कोर्ट हसलं. मागे बसलेले मास्तरही हसले. मॅजिस्ट्रेट तेवढे हसले नाहीत. ह्यांनी कपाळाला हात लावला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. गड्याला दीड महिना सक्तमजुरी झाली आणि त्याला अलिबागेला नेलं. जाताना तो मला म्हणाला, "म्हशीला रोज हिरवा टाका, वैनीबाय." आपण काय बोलून बसलो, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

तो सुटून आला तो दिवस मला अजून दिसतो. त्याच दिवसांत आमच्या गावातले एक सत्याग्रही त्याच तुरुंगातून सुटले होते. दोघं एकाच सर्व्हिस मोटारीतून उतरले. सत्याग्रह्यांच्या गळ्यात हार पडले, बायकांनी ओवाळलं, जयजयकार झाला. त्यांची वळकटी डोक्यावर घेऊन मागून आमचा गडी. दोघांनी एकाच भांड्यातली आमटी खाल्ली होती म्हणे, एकाच आवारात खडी फोडली होती. सत्याग्रही भला माणूस. त्यांनी स्वतःचा एक हार काढून गड्याच्या गळ्यात घालायला हात वर केला, तर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अहो, तो चोरीचा." हात तसाच खाली आला. गड्यानं वळकटी नीट खाली ठेवली, आणि तो मागच्या रस्त्यानं घरी आला.

त्यानंतर आमच्या आळीनं त्याला चोर करायचं काम हाती घेतलं. कुणी ठरवून नाही हो! सगळी भली माणसं. पण तो पाण्याला निघाला की अंगणातले तांबे आत जायचे. दुकानात तो गेला की वाणी गल्ला पुढे ओढून त्यावर हात ठेवायचा. पोरं शिमग्यातली बोंब त्याच्या पाठीमागे आता भर आषाढात ठोकायची. कुठे कुणाची कोंबडी गेली, धोतर वाळत घातलेलं उडालं, की पोलीस आधी आमच्या मागच्या दारी. चौकीत बसवायचे, दोन कानफटात द्यायचे, आणि धोतर कुंपणात सापडलं की सोडून द्यायचे. बाजाराच्या दिवशी तर एक शिपाई त्याच्या मागे मागे चालायचा. शिपायालाही बरं, सावलीसावलीनं बाजार फिरून व्हायचा.

त्यामुळे गड्याला दोन नव्या सवयी लागल्या. एक म्हणजे खोकणं. कुठल्याही दारात पाय टाकण्याआधी तो मोठ्यांदा खोकायचा. चोरपावलानं आला असं कुणी म्हणायला नको. गोठ्यात जाताना म्हशीलाही खोकून दाखवायचा. आणि दुसरी म्हणजे चालता चालता मान वळवून मागे बघणं. मी विचारलं, तर म्हणाला, "मागं कोन हाय ता बगून घेयाचा, वैनीबाय. मंग पाटीत रट्टा बसनार तं आदी कलता."

मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग कुणाचा करावा तेच कळत नव्हतं.

ह्यांनी मात्र पुस्तक काढलं. "हे बघ, अस्थिर नजर. सारखं मागे बघणं. पुस्तकात दिलंय."

"आणि मागे शिपाई चालतो, तेही दिलंय का?" मी विचारलं. ह्यांनी पान उलटलं.

त्यात आणखी एक भर पडली. गौरीच्या दिवशी माझ्या कपाटाची किल्ली सापडेना, आणि सगळी चांदीची उपकरणी आत. गड्यानं एक खिळा वाकवला, जरा कान लावून ऐकलं, आणि कुलूप उघडून दिलं. अलिबागेला एका मुरलेल्या माणसानं हौसेनं शिकवलं होतं म्हणे. "मी नको म्हनत व्हतो," तो म्हणाला, "पन त्याला येल जात नव्हता." मी खूष झाले. पण समोरची दुकानदारीण हळदीकुंकवाला आलेली, तिथंच पाटावर बसलेली. तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. संध्याकाळपर्यंत आळीतल्या निम्म्या घरांना नवी कुलपं लागली.

त्या थंडीत खाडीकाठच्या तुडील गावचा एक शेतकरी आमच्याकडे आला. होडीतून वालाच्या शेंगा आणि वांगी घेऊन महाडच्या बाजाराला यायचा, आम्ही त्याचीच भाजी घ्यायचो. त्याच्या मुलीशी आमच्या गड्याचं लग्न आदल्याच वर्षी ठरलं होतं. गड्यानं तिला फक्त एकदा, होडीतून टोपल्या उतरवताना पाहिलं होतं, पण तेव्हापासून आमच्या घरी रोज वांगी यायला लागली होती. आमचे हे वांग्याला विटले, तरी त्याचा उत्साह कमी होईना. लग्न आपलं होऊनच जाणार, असं तो धरून चालला होता. म्हातारा ओटीवर टेकला.

"वैनीबाय, पोर मना त्यालाच देयाची हाय," तो म्हणाला. "पन वाडीत बोलतात, जावई चोर हाय. मी त्याला इचारला, तं तो बोलतो, मी होळीचा न्हेला. मी कोनाचा खरा मानू? म्हनून मी येक ठरिवलाय. ज्या आळीनं त्याला चोर केलान, ती आळी या शिमग्यात त्याला आपल्यात घेऊन लाकूड चोराया गेली, तं तो चोर नाय. मी पोर देतो. नाय घेतलान, तं नाय देत."

मला ते इतकं पटलं की मी त्याला दुसरा चहा दिला. एखाद्यानं चोरी करावी, म्हणजे तो चोर नाही हे सिद्ध होईल! आमच्या ह्यांच्या दोन्ही कपाटांत असला कायदा सापडला नसता. पण शिमग्यापुरता तो अगदी बरोबर होता.

गड्याला सांगितलं. त्या दिवशी त्यानं फोडायची नव्हती तीही लाकडं फोडून ठेवली, आणि पुन्हा वांगी आणली.

मग मी कंबर कसली. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वाण लुटून झाल्यावर मी विषय काढला. सगळ्याजणी म्हणाल्या, "अगं, चोरू दे की! किती गुणाचा तो." मग एकेक जण हळूच म्हणाली, "पण आमच्या घरचं नको हं. आमचे सासरे भित्रे आहेत." "आमच्याकडे पाहुणे यायचेत." "आमचं कुंपण पडायला आलंय." घरातून काही गेलं नाही की ज्या बाया रुसायच्या, त्याच ह्या. दुकानदारीण तर म्हणाली, "दुसऱ्यानं नेलं तर शिमगा, त्यानं नेलं तर चोरी, याला मी काय करू?" तिला ते फार शहाणपणाचं बोलणं वाटलं. मला तिळगूळ कडू लागला.

आळीतली मुलं तर त्याहून घाबरलेली. मास्तर म्हणाले, "वहिनी, तो बरोबर असला की पोलीस येणार. मग आम्हीही त्यात." मी म्हटलं, "मागच्या वर्षी ताल कोण धरत होतं?" मास्तर वहाणेकडे बघायला लागले. शेवटी पुष्कळ ओढाताण करून ठरलं ते असं. पौर्णिमेची शेवटची उचल गड्यानं करायची. पण भर उन्हात, सगळ्यांसमोर, आणि आमच्याच अंगणातून. मुलं कोपऱ्यावर उभी राहतील, आणि तो बाहेर पडला की बोंब ठोकत त्याच्या मागे चालतील.

"म्हणजे मालकाच्या संमतीनं," हे म्हणाले. "मग कायद्यानं ती चोरीच होत नाही."

"मी झोपलेली असेन," मी म्हटलं. "झोपलेल्या माणसाची संमती कुठली?"

आता न्यायला काय ठेवायचं? मोडका पाट ठेवणं मला बरं दिसेना. मागच्या वर्षी ज्यानं दोन दारं उचलली, त्याला यंदा फळकूट? माझ्या माहेरचा सागवानी चौरंग होता. जड, चारी पायांवर मोर कोरलेले, सत्यनारायणाला निघायचा. मी तो धुतला आणि अंगणात उन्हाला ठेवला. हे बघत राहिले, पण त्या वेळी एक शब्द बोलले नाहीत, म्हणून मी त्यांचे पुष्कळ अपराध पोटात घातले.

पौर्णिमेची दुपार. मी ओटीवरच्या झोपाळ्यावर डोळे अर्धवट मिटून पडले. हे खिडकीत. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर तुडीलचा म्हातारा खांद्यावर घोंगडं टाकून, तंबाखू मळत बसलेला. कोपऱ्यावर मुलांचा घोळका. मी मनात म्हणत होते, उचल रे बाबा, डोक्यावर घे, छाती काढ, आणि अशी बोंब मार की पलीकडे तुडीलला ऐकू जाऊ दे. पुढचा शिमगा तू जोडीनं खेळशील.

तो फाटकातून आत आला. या वर्षात पहिल्यांदाच न खोकता आला. चौरंगापाशी थांबला. वाकला. आणि उचलण्याआधी त्यानं मान वळवून मागे बघितलं. मग डावीकडे. मग पुन्हा मागे. मग चौरंग पटकन काखेत मारला, आणि भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून, झपझप निघून गेला. बोंब नाही, काही नाही.

ठरल्याप्रमाणे मी झोपाळ्यावरून उठून ओरडायचं होतं. ओरडले. "अरे मेल्या, माझा चौरंग!" माझाच आवाज मला कसासाच वाटला. मुलांनी तोंडापर्यंत नेलेले हात तसेच राहिले. त्यांतली दोघं-तिघं त्याच्या मागे गेली, ती मुकाट्यानं.

म्हातारा उठला. रस्ता ओलांडून आमच्या ओटीशी आला.

"नेला की हो त्यानं," मी घाईघाईनं म्हटलं. "आळीनं बोलावलं, त्यानं नेला. तुमचं ठरलं होतं तसंच."

"न्हेलान," तो म्हणाला. "गेल्या साली दारं न्हेलान तवाबी मी बाजारात व्हतो. कसा चालला व्हता! माजी पोर देन्यासारका चालला व्हता. आज बगितलात? मागं बगितलान. आमच्या काकडीच्या मळ्यात कोला येतो, तो आसाच बगतो."

"अहो, वर्षभर त्याच्या मागे शिपाई चालतोय! तुमच्या मागे चालला असता तर तुम्हीही बघितलं असतं."

"बगितला असता," तो शांतपणे म्हणाला. "चूक कोनाची ता मी नाय सांगत, वैनीबाय. तो चोर नव्हता, मना ठावं हाय. पन तुमी समद्यांनी मिलून त्याला केलाव. आता माजी पोर त्याच्या घरात जाऊन काय करंल? तीबी मागं बगाया शिकंल." त्यानं घोंगडं झटकलं, ह्यांना खिडकीत रामराम केला, आणि तो बंदराकडे निघून गेला.

मी चौरंगाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. त्याच्याखाली उमटलेली ओली चौकट अजून वाळली नव्हती. हे बाहेर आले आणि माझ्याशेजारी झोपाळ्यावर बसले. त्यानंतर ते पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं, आणि माझी मोजपट्टी डब्यातून पुन्हा कधी हरवली नाही.

होळी चांगली पेटली म्हणे. मी गेले नाही. रात्री मी गड्याला पोळी वाढली, तेव्हा म्हाताऱ्याचं म्हणणं सांगायला माझं तोंड उघडेना. पण त्याला माळावरच कुणीतरी सांगितलं होतं. पोळी खाऊन त्यानं ताट घासून पालथं घातलं. म्हणाला, "चवरंग झ्याक जलला, वैनीबाय. मोरांचा मातुर वाईट वाटला." दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी खोकला ऐकू आला नाही. म्हशीपुढे हिरवा चारा घालून, पाणी भरून, तो मुंबईच्या वाटेला लागला होता.

दोन-तीन वर्षं गेली. एक दिवस चौकीतला एक शिपाई आमच्याकडे आला. नवा होता, आपल्याच भागातला, बोलायला गोड. मुंबईच्या गोदीत कापडाचा गठ्ठा फोडताना एकजण सापडला होता, आणि पूर्वी महाडला वकिलांकडे गडी होतो, असं त्यानं सांगितलं होतं. त्याला आधीची शिक्षा आहे का, असं तिकडून विचारलं होतं. आधीची असली तर या खेपेची वाढते म्हणे. ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी होय म्हणून मान हलवली.

"कशाबद्दल हो, सायेब?" शिपायानं विचारलं.

मी चहा घेऊन बाहेर आले होते. मीच सांगितलं. शिमगा, अंगणातली दारं, डोक्यावर एक, पाठीवर एक, मागून ताल धरणारे मास्तर. शिपाई इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला.

"दोनी? येकट्यानं?" त्यानं डोळे पुसले. "लय भारी! आमी बी लय चोरलाव हो, वैनी. आमच्या वाडीत तं मी येकदा पाटलाची गाडी न्हेली व्हती, चाकं सोडून."

चहा संपवून त्यानं बशी नीट बाजूला ठेवली, डोक्याला पगडी चढवली, आणि तो आधीची शिक्षा कळवायला गेला.